दुसरी रेघ

सकाळपासून कागोयाचं देवाकडे एकच मागणं चाललं होतं, माझ्या पोराला मलेरियाच असू दे. ती गावची आरोग्यसेविका. घरोघर फिरून ताप तपासायची. मलेरियाच्या गोळ्या तिच्या पेटीतच होत्या. दुसरं काही निघालं तर दवाखाना उसाच्या मळ्यांपलीकडे, आणि नवरा सरोवरावर मासे धरायला गेलेला.

पोराच्या, इझिंबाच्या बोटाचं रक्त मलेरिया तपासायच्या किटवर टाकून पाव तास उलटला, तरी एकच रेघ. म्हणजे मलेरिया नाही.

तीन वर्षांचं लेकरू चटईवर तापानं फणफणलं होतं, छाती भात्यासारखी हलत होती. कागोया घडीत दाराशी जाई, घडीत चटईशी येई. एक रेघ आली तरी गोळ्या मागणाऱ्या आयांना हीच बाई कमरेवर हात ठेवून झाडायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तिनं पोराचं दुसरं बोट टोचलं. पुन्हा एकच रेघ.

"पेटी उन्हात राहिली होती. किटच नासलेत," ती स्वतःशीच म्हणाली.

"मग लेकराची चाळण कशाला करतेस?" सासू नाइगागा चुलीपासून उठली. "हे घे माझं बोट. माझ्या अंगात मेला मलेरिया कायमचा बिऱ्हाड करून बसलाय. दोन रेघा उठल्या की दे त्याला गोळ्या. त्या रेघेला काय कळतंय बोट कुणाचं ते!"

कागोयानं चिडायला हवं होतं. पण तिनं ते बोट धरलं. इथंही एकच रेघ आली, तर किट नासलेत हे ठरलं, मग गोळ्या द्यायला मोकळी.

दुसरी रेघ उठली. चांगली ठसठशीत.

"बघ!" सासूनं टाळी वाजवली. "दे आता."

कागोयानं पोराचा किट त्याच्याशेजारी धरला. "आई, किट चांगलेत हो. तुम्हाला ताप नाही, तरी तुमचा मलेरिया यानं पकडला. मग याचा सोडला असता होय? याला दुसरंच काहीतरी झालंय. त्याचं औषध माझ्याकडे नाही."



"मग बसलीस काय अशी? उचल त्याला!" असं ओरडून म्हातारी भाड्यानं मोटरसायकल चालवणाऱ्या बोडावाल्याला हाका मारत अनवाणी रस्त्याकडे धावली.

दवाखान्यात पोराच्या नाकाला नळी लागली, हातात सुई गेली. न्यूमोनिया होता. वाचेल ना, असं कागोयानं तीनदा विचारलं. नर्स म्हणाली, "आजची रात्र जाऊ दे, बाई."

बाहेर व्हरांड्यात नाइगागा कुठल्याशा बाईला ठसक्यात सांगत होती, "आमच्या सुनेचं असंच असतं बघ. एक रेघ दिसली, की क्षणभर थांबली नाही ती. तशीच उचलून आणलं पोराला."

थांबले होते मी, असं कागोयाला ओरडून सांगावंसं वाटलं. पण तिनं इझिंबाचा तापलेला पाय नुसता घट्ट धरला.