दुसऱ्याचा मार्क

"कॉलर बघा भाबी. एक डाग ठेवला नाय," म्हणत अहमदभाईंनी सदरा काउंटरवर उलगडला.

मातकट हिरव्या रंगाचा, उभ्या कॉलरचा, शंभर वर्षांहून जुना सैनिकी सदरा. चार दिवसांपूर्वी मी तो लॉन्ड्रीत टाकला तेव्हा त्याला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. आता तो मऊ झाला होता आणि इस्त्री अशी, की बाहीची घडी बोटाला लागावी. कॉलरच्या आतली पट्टी उसवत आली होती. तीही त्यांनी पूर्ण सोडवून, आतून साफ करून, पुन्हा बेमालूम शिवली होती.

"आत कोनत्या तरी लॉन्ड्रीचा मार्क व्हता. जांभळा," ते म्हणाले. "पान्यान पसरला, मग स्पिरीट लावून लावून काढला. दुसऱ्याचा मार्क घेऊन कपडा आपल्या दुकानातून जात नाय."

अहमदभाई मूळचे दाभोळचे. इथे आखातात, महबूल्यात, आमच्या इमारतीखाली एकोणीस वर्षं त्यांची लॉन्ड्री आहे, आणि आमच्या घरातला एक पडदादेखील त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलेला नाही. मी त्यांचं तोंडभर कौतुक केलं आणि सदरा छातीशी धरून लिफ्टने वर आले. फार खुशीत होते मी. ह्यांना गंमत दाखवायची होती.

हे म्हणजे राजन दातार, राहणार पूर्वी पुणे, आता महबूला. जवळच्या अहमदी गावातल्या तेल कंपनीच्या ऑफिसात बत्तीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर. इंजिनियर लोक नकाशे काढतात, साहेब लोक सह्या करतात आणि कुठला कागद कितव्या आवृत्तीचा, हे आमचे हे सांगतात. असा माणूस चारचौघांत कोणाच्या लक्षातही राहत नाही. पार्टीत लोक ह्यांना दोनदा विचारतात, "आपण कुठे असता?" आणि हे दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे उत्तर देतात.

पण घरात ह्यांचं एक खूळ होतं. बावीस वर्षांपूर्वी ऑफिसातला एक चेक इंजिनियर देश सोडून निघाला, तेव्हा सामानात बसेना म्हणून एक जुनी टोपी ह्यांना देऊन गेला. टोपीवर विटलेली पांढरी-तांबडी फीत. हे खोदत बसले, तेव्हा कळलं की पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला रशियात पोटापाण्यासाठी गेलेले चेक लोक आपणहून तिथल्या सैन्यात भरती झाले होते. त्यांत शिक्षक होते, वादक होते, बिअर गाळणारे होते. स्वतःचं राज्य नव्हतंच. गणवेश रशियाचा आणि आपली म्हणून टोपीवर तेवढी एक फीत. "आपल्यासारखेच गं," हे म्हणायचे, "दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या युनिफॉर्ममध्ये." तेव्हापासून लिलावांतून, पत्रं लिहून लिहून, बावीस वर्षांत ह्यांनी त्यांचे सात गणवेश जमवले. एकदा कस्टममध्ये साहेबाने विचारलं, हे कोणत्या देशाचं सैन्य? हे म्हणाले, "तेव्हा तो देश नव्हता आणि आता ते सैन्य नाही." साहेब हसला आणि शिक्का मारून मोकळा झाला.

आमच्या फ्लॅटमधली धाकटी खोली त्या सात जणांची. उन्हाळ्यात आम्ही हॉलमध्ये घामाघूम झालो तरी चालेल, पण त्यांचा एसी बंद व्हायचा नाही. क्षितिजा, आमची मुलगी, लहानपणी म्हणायची, "दे आर बाबाज अदर किड्स." मी हसायचे. पण कधीकधी मला रागही यायचा, हे खोटं कशाला बोलू?

आता निवृत्ती आली होती. अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत होता आणि महिनाअखेर पुण्याला जायचं होतं. पुण्याच्या दोन खोल्यांत सात सैनिक कुठे ठेवणार? म्हणून हे सारं चेक देशातल्या एका लहानशा गावच्या संग्रहालयाला द्यायचं ठरलं. तिथल्या बाईंची पत्रं यायची, हे ती मला वाचून दाखवायचे.

सदरा मी का धुवायला टाकला, हेही सांगते. परक्या घरी वस्तू पाठवायची, ती मळकी कशी पाठवायची? आपण शेजारणीचा डबासुद्धा घासून, त्यात काहीतरी घालून परत करतो. शिवाय तो कोणा मेलेल्या माणसाच्या अंगावरचा कपडा. माझ्या मनाला ते बरं वाटेना. बाकीचे सहा कपाटात टांगलेले, त्यांना हात लावायची माझी छाती नव्हती. हा सातवा दोन महिन्यांपूर्वीच आला होता आणि कागदात गुंडाळून खोक्यात होता. ह्यांची शेवटच्या आठवड्याची गडबड चालली होती, ह्यांच्या लक्षातही येणार नव्हतं.

संध्याकाळी चहा घेताना मी सदरा आणायला उठणार, तेवढ्यात हे म्हणाले, "आज त्या बाईंना कळवून टाकतो. सातव्याच्या कॉलरमधल्या नावाला हात न लावता पाठवतोय म्हणून."

मी विचारलं, कसलं नाव?

"अगं, सांगितलं होतं ना तुला. पट्टीच्या उसवलेल्या टोकातून बॅटरी मारली, तर आत जांभळी अक्षरं दिसली. त्या सैनिकाने स्वतःचं नाव लिहिलंय. त्यांनी कळवलंय, पट्टी उघडू नका, पाणी लावू नका, आम्ही इथे नीट उघडू. नाव मिळालं तर त्यांच्याकडच्या भरतीच्या यादीशी ताडून बघता येईल. मग तो काचेच्या कपाटात लागेल, त्याचं नाव आणि खाली माझं."

त्यांनी सांगितलं होतं. मी डाळ निवडत होते आणि "हो का" म्हणाले होते. बावीस वर्षं मी त्या कोटांविषयी असंच ऐकत आले होते.

मी सदरा दाखवला नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. कोणाला कळणार होतं? नाव दिसल्यासारखं वाटलं, पण नव्हतं, असं झालं असतं. दोन दिवस मी तसाच विचार करत होते. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हे खोकी भरायला बसले आणि सातव्याचं खोकं जवळ ओढलं, तेव्हा माझ्याच्याने राहवेना. मी सगळं सांगितलं, अगदी स्पिरीटसकट.

हे ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ह्यांनी सदरा उलटा केला, पट्टीचे टाके एकेक करून सोडवले, खिडकीपाशी नेऊन बघितलं. पांढरं स्वच्छ कापड. मग कॉलर नाकाशी नेली.

दुपारी नमाज आटोपून अहमदभाईंनी दुकान उघडलं, तसे आम्ही दोघं खाली गेलो. ह्यांनी आवाज न चढवता सारं सांगितलं. अहमदभाई स्टुलावर बसलेच.

"मना वाटला, मार्क हाय," ते म्हणाले. "साहेब, माज्या हातान मी मानसाचा नाव पुसला?"

हे म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही काम चोख केलंत. नुसतं आठवतंय का तेवढं सांगा. लॉन्ड्रीवाल्यांना मार्क लक्षात राहतात ना?

अहमदभाईंनी पावतीपुस्तक उलटं करून पेन घेतलं. पहिलं अक्षर इंग्रजी एन उलटा केल्यासारखं, हे नक्की. मग दोन की तीन त्यांना आठवेनात. शेवटचं शेपटीवालं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "खोटा नाय काडनार साहेब. येवडाच," म्हणाले.

संग्रहालयाच्या यादीची प्रत ह्यांच्याकडे होती. हे दोन दिवस त्या यादीत बोट फिरवत बसले. उलट्या एनने, म्हणजे रशियन लिपीतल्या 'इ'ने, सुरू होणारी आणि शेपटीने संपणारी बारा नावं निघाली. मी म्हटलं, अहो, बारातलं एक लिहून टाका. कोण येणारय विचारायला? त्या बिचाऱ्याला नाव तरी मिळेल.

"कागदावर अंदाज लिहीत नाहीत, शीला," हे म्हणाले. "उरलेल्या अकरा जणांना मी काय सांगू?"

बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. धुतलेले, बिननावाचे सदरे त्यांच्याकडे आधीच दोन आहेत. हाही ठेवून घेतील, पण गोदामात. बाकीचे सहाही निनावीच, तेही तिथेच, जागा होईल तसे. ह्यांनी ते पत्र मला वाचून दाखवलं नाही. मीच चष्मा लावून वाचलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी कुरियरवाला खोकी न्यायला येणार होता. प्रत्येक नगाबरोबर एक फॉर्म जोडायचा होता. हे आंघोळीला गेले आणि आतून सांगितलं, फॉर्म पाकिटात घालून चिकटव. सातव्या फॉर्ममध्ये एक रकाना होता : वस्तू कोणी, कधी आणि का साफ केली? त्यात ह्यांच्या सुवाच्य, गोल अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, 'मालकाने स्वतः घरी धुतला. आत नाव असल्याचे त्याला ठाऊक होते. निष्काळजीपणा.' खाली सही.

त्यात ना अहमदभाई होते, ना मी. बारा नावांतलं एकही अंदाजाने न लिहिणाऱ्या माणसाने हे धडधडीत खोटं लिहिलं होतं, आणि ते त्या संग्रहालयात आम्ही सगळे गेल्यावरही राहणार होतं.

मला वाटलं, खोडावं. पेन हातातही घेतलं. आतलं पाणी बंद झालं. मी पाकिटाची कड जिभेने ओली केली आणि चिकटवलं.