वरचे बटण

दुधाखालचा गॅस बंद करून तो ओट्यापाशीच उभा राहिला, कारण ऊन नुकतेच आत आले होते. थेट सूर्य या बाजूला कधी फिरकत नसे. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवरून परतलेले, जरासे थकलेले ऊन तेवढे त्याच्या वाट्याला येई. आधी ते छताच्या कोपऱ्यात फिकट पट्टीसारखे उमटे. मग भिंतीवरचे रंगाचे पोपडे चाचपत सावकाश खाली उतरे. खोलीत आडव्या बांधलेल्या दोरीवर त्याचा शाळेचा शर्ट वाळत असे. ऊन त्याच्या बाहीत शिरले की क्षणभर ती बाही भरल्यासारखी वाटे, आत कुणाचा तरी हात असावा तशी. त्यानंतर खुर्चीची पाठ, टेबलाची कड, साखरेचा डबा. डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनपर्यंत ते पोचले की काळ्या काचेवर बोटांचे पुसट ठसे दिसू लागत.

एरवी याच सुमाराला तो घरी फोन लावी. आज फोन हातात घ्यायचे त्याच्या जिवावर आले होते. दुधावर साय धरली, ती त्याने चमच्याने बाजूला केली, आणि चहा न करताच पुन्हा खिडकीकडे पाहत राहिला.

आईचा कालचा निरोप त्याच्या मनातून जात नव्हता. त्यात वाईट असे काहीच नव्हते, हीच अडचण होती.

अध्यापनाच्या शिक्षणासाठी तो परदेशातल्या या परक्या शहरात आला होता. आठवड्यातले बहुतेक दिवस एका शाळेत सराव करायचा, उरलेल्या दिवशी स्वतः विद्यार्थी होऊन बाकावर बसायचे. शाळेतला वर्ग दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा होता, आणि वर्गशिक्षिका निवृत्तीला टेकलेली, मोजकेच बोलणारी बाई. ती मागच्या भिंतीशी खुर्ची घेऊन बसे आणि त्याच्या पाठांवर टिपणे काढी. सुरुवातीला त्या पेनाच्या आवाजानेच त्याच्या तोंडचे पाणी पळे. मुळात लाजाळू माणूस. चारचौघांत नाव सांगतानाही कान लाल होणारा. असा मुलगा शिक्षक होणार म्हटल्यावर घरी सगळ्यांनी हसून घेतले होते. वडिलांना गावात सगळे गुरुजी म्हणत, म्हणून आईने त्याला लगेच ‘धाकटे गुरुजी’ करून टाकले.

बाबा हसले नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याला समोर बसवून एकच गोष्ट सांगितली होती. प्रश्न विचारला की आपण तोंड मिटायचे. पुढच्या बाकावरच्या हुशार पोरांचे हात वर जातील, ती उत्तर पुटपुटतील. तिकडे बघायचे नाही. ज्याला विचारले त्याच्याकडेच बघत राहायचे, आणि फार तर एवढेच म्हणायचे, ‘घाई नाही.’ शिकवायचे ते सगळे पुस्तकात असते, ते म्हणाले होते, थांबायचे तेवढे माणसाला शिकावे लागते.

शुक्रवारी तो तसा थांबला होता. अपूर्णांकांचा पाठ होता, आणि प्रश्न त्याने तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला विचारला. वर्गात ती नवीनच होती आणि आजवर एकदाही बोलली नव्हती. हात वर गेले, कुजबुज झाली, कुणीतरी खुर्ची करकरवली. तो तिच्याकडेच पाहत राहिला. मागच्या भिंतीपाशी पेन थांबले. बऱ्याच वेळाने त्या मुलीने समोरचा कागद दुमडला, पुन्हा दुमडला, उलगडला, आणि घड्यांवर बोट ठेवत उत्तर दिले. ते बरोबर होते.

पाठ संपल्यावर वर्गशिक्षिकेने विचारले, इतका वेळ गप्प राहायला त्याला कुणी शिकवले. वडिलांनी, तो म्हणाला. ते शिक्षक आहेत. बाबांना निवृत्त होऊन कितीतरी काळ लोटला होता, तरी ‘होते’ असे त्याच्या तोंडून निघाले नाही. मग तिने सांगितले की त्याला हवे असेल तर आणखी एक वर्ष याच वर्गावर राहता येईल, पूर्ण शिक्षक म्हणून. उत्तर सोमवारी द्यावे लागेल. घरी विचारून सांगतो, असे तो म्हणाला तेव्हा तिने मान किंचित तिरकी करून त्याच्याकडे पाहिले. वर्गातल्या मुलांनीही घरी विचारतो म्हणायचे आता सोडले असावे.

एक वर्ष म्हणजे काही फार नाही, बाबांची तब्येतही बरी आहे, असे तो घरी येताना स्वतःला समजावत होता. प्रत्येक पाठाचे आपले बोलणे तो फोनवर रेकॉर्ड करून घरी पाठवी. बाबा ऐकत, आणि त्यांचे म्हणणे आई कळवी. शुक्रवारचा पाठही त्याने पाठवला, आणि काल तिचा निरोप आला. बाबांनी दोनदा ऐकलं, फार छान शिकवतो म्हणाले.

बाबांनी आयुष्यात कशालाच छान म्हटलेले नव्हते. त्यांच्याकडे सगळ्यात वरचा शेरा म्हणजे ‘ठीक’. त्याचा पहिला नंबर आला तेव्हा ते म्हणाले होते, “ठीक. अक्षर सुधार.” आईने कुठल्याशा लग्नाला नेसलेली साडी त्यांनी एकदा ठीक म्हटली, तेव्हापासून विटेपर्यंत ती प्रत्येक कार्याला तीच नेसली, यावरून घरात अजून थट्टा चाले. आणि आता विचार करू लागला तर मागचेही काही निरोप त्याला आठवू लागले. आवाज बसलाय, गरम पाणी पी, म्हणाले. दमलेला वाटतोस, जेवतोस ना वेळेवर, म्हणाले. त्या शेऱ्यांना फळ्याचा वास नव्हता, स्वयंपाकघराचा होता. तो वास आपल्याला आजच आला, असे त्याला म्हणता आले असते तर बरे झाले असते.

ऊन टेबलाच्या कडेवर आले होते. त्याने फोन लावला.

पडद्यावर आधी छत दिसले, मग आईचा अर्धा चेहरा, मग खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसलेले बाबा. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापाशी बटण लावलेले. आईने नेहमीसारखे त्यांच्या कानाशी वाकून सांगितले, “बघा कोण आलंय. आपले धाकटे गुरुजी.” बाबांनी नेहमीसारखी मान हलवली. एरवी इथून पुढे आईच बोलत राही.

त्याने आणखी एक वर्ष राहण्याचे सांगितले. त्याचे वाक्य संपायच्या आतच ती म्हणाली, “राहा की मग. एवढी चालून आलेली संधी. बाबांनाही तसंच वाटतं.”

“त्यांना विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात?”

“मी विचारतो. फोन त्यांच्यासमोर धर.”

“अरे, त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही फोनवर. तू मला सांग, मी—”

“आई, तू सांगू नकोस. जरा वेळ काहीच बोलू नकोस.”

चित्र हलले आणि बाबांच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. दाढी गुळगुळीत केलेली होती, भांग नीट पाडलेला होता. वर्षाबद्दल विचारायचे असे त्याने ठरवले होते, पण तोंडून दुसरेच निघाले.

“बाबा, मी कोण?”

आणि त्याने तोंड मिटले.

बाबा त्याच्याकडे पाहत होते. कडेला आईच्या बांगड्या वाजल्या, तिचा हात बाबांच्या खांद्यापर्यंत आला, ती हलकेच पुटपुटली, “अहो, आपला—”

“आई,” तो म्हणाला. हात मागे गेला.

त्याने तिकडे पाहिले नाही. तो बाबांच्या डोळ्यांकडेच पाहत राहिला, तिसऱ्या बाकाकडे पाहिले होते तसाच. ऊन फोनपर्यंत पोचले आणि काचेवर पसरले. त्या उजेडात बाबांचा चेहरा विरल्यासारखा झाला, तेव्हा त्याने तळहाताची सावली धरली. बाबांचा अंगठा गळ्याजवळच्या बटणावर फिरत होता, ते लागलेले आहे ना, याची खात्री करत असल्यासारखा. कपाळावर एक आठी आली, गेली. मग त्यांचे डोळे निवळले. समोरच्या तरुणाचे ओठ थरथरताहेत, हे त्यांच्या लक्षात आले असावे. ते किंचित पुढे वाकले आणि चाळीस पोरांच्या वर्गात एकालाच ऐकू जाईल अशा बेताच्या आवाजात म्हणाले,

“घाई नाही. आठवलं की सांगा.”

मग त्याच्या लक्षात आले की आता उत्तर त्यानेच द्यायचे आहे, आणि समोरचा माणूस हवा तितका वेळ थांबणार आहे.

“हो, गुरुजी,” तो म्हणाला.

बाबांनी मान डोलावली. “ठीक,” ते म्हणाले, आणि समाधानाने खुर्चीला टेकले.

आईने फोन स्वतःकडे वळवला तेव्हा तिच्या तोंडावर पदर होता. मग तिनेच सुरुवात केली. बाबांचे म्हणून ते सगळे शेरे तीच लिहीत होती. त्याचं तिकडे मन लागावं एवढंच तिला हवं होतं. ते पाठ ती रोज दुपारी त्यांच्याजवळ बसून लावते, आणि ते डोळे मिटून ऐकतात, हे मात्र खरं आहे. मध्येच विचारतात, हा कोणत्या शाळेचा मास्तर, थांबतो बरा.

“आणि शर्ट तू घालतेस त्यांना?”

“छे. ते घरात बनियनवरच असतात, तुला माहीत आहे. तुझा फोन यायचा म्हटलं की आपणच उठून घालतात. पाहुण्यांसमोर असं बसू नये म्हणतात.”

पुढे ती बरेच काही बोलली. सोमवारी काय सांगायचे ते त्याचे त्याने ठरवावे, ती रडून त्याला बोलवायची नाही, आणि वेळेवर जेवत जावे. तो हो म्हणत राहिला. फोन बंद झाला, तरी तो तसाच उभा होता.

गेल्या सुट्टीत तो न कळवता घरी गेला होता. दार उघडेच होते, बाबा बनियनवर आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्याला पाहून ते लगबगीने आत गेले, शर्ट घालून, वरचे बटण लावत बाहेर आले आणि म्हणाले, “या, बसा. प्रवास कसा झाला?” सगळे हसले होते. परदेशी जाऊन आलो तर घरात आपला भाव वाढला, बाबा अहो-जाहो करायला लागले, हा किस्सा त्याने पुढे कितीजणांना रंगवून सांगितला होता. आईही हसली होती, मग चहा टाकते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नव्हती.

ऊन दोरीवरून सरकले होते. शर्टाची बाही रिकामी लोंबत होती.

घरच्या माणसांसमोर बाबा कधीच शर्ट घालत नसत. त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या मुलाला त्यांनी ओळखले नव्हते.