आवाज न करणारं मेणकापड

गाद्यांच्या त्या दुकानात आई एकेक मेणकापड उचलून चुरगाळत होती आणि कानाशी नेत होती. दुकानदाराने थोडा वेळ पाहिलं, मग न राहवून म्हणाला, "ताई, मेणकापड आहे ते, रेडिओ नाही. वाजत नाही."

"वाजतं. म्हणूनच तर बघतेय."

लेक शेजारी मान खाली घालून उभी होती. कॉलेजच्या वसतिगृहात तिला दोघींची खोली मिळाली होती. अरुंद खाटेपुरती पातळ गादी, धुता येईल अशी खोळ, डाग न दिसणाऱ्या गडद चादरी, सगळं पटापट झालं. घोडं अडलं ते इथे.

लेकीला झोपेत फीट यायची. महिनोन्‌महिने काही नाही, आणि मग एखाद्या रात्री अंग ताठ, दातखीळ, अंथरूण ओलं. लहानपणापासून आई तिच्या खाटेशेजारी जमिनीवर निजायची. घरचं मेणकापड जुनं, नुसती कूस बदलली तरी करकरणारं. बाबा नवं आणायला निघाले की आई त्यांना थांबवायची. त्या करकरीनेच तिला जाग यायची. देवाने तिला झोप दिली खरी, पण कान तेवढे जागेच ठेवले. त्याची माया अशीच असते.

आता मात्र लेकीने बजावलं होतं, "तिथे कुणाला सांगायचं नाही. पहिल्याच दिवशी आजारी म्हणून ओळख नको." आईने शब्द दिला होता.

"हे बघा," दुकानदाराने माळ्यावरून एक घडी काढली. "वरून सुती, खालून रबर. नाचलात तरी हूं की चूं करणार नाही."

आईने ते चुरगाळलं, कानाशी धरलं. खरंच आवाज नाही. पुन्हा चुरगाळलं. मग घडी तशीच उराशी धरून ती उभी राहिली.

"हेच हवं होतं ना?" लेक म्हणाली.

"हेच. बांधा हो."

"मग रडतेस काय दुकानात?"

"मला काहीच ऐकू नाही आलं गं."

दुकानदार उगाच उशा नीट लावू लागला. लेकच म्हणाली, "काका, आधीचं द्या. वाजणारं."

"अहो, आत्ता तर..."

"खोलीतल्या मुलीला जाग यायला हवी ना." मग आईकडे न बघता, "पण तिला मी सांगणार. तू नाही."

वसतिगृहाच्या खोलीत आईने अंथरूण घातलं, चादरीचे कोपरे घट्ट खोचले, पुन्हा सोडून पुन्हा खोचले. एवढ्यात चष्मेवाली एक मुलगी स्वतःपेक्षा मोठी वळकटी ढकलत आत आली.

"काकू, तुम्हीपण राहणार? मग मी खाली झोपते. मला कुठेही झोप लागते, दगडासारखी!"

आईचा चेहरा उतरला. लेक पटकन म्हणाली, "आई, तू जरा बाहेर थांब."

दार लोटलेलंच होतं. आतलं ऐकू येत होतं.

"...कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. लवकर थांबलं नाही तर वसतिगृहाच्या मॅडमना उठवायचं. आणि तू तर दगड!"

"माझी खाट तुझ्या खाटेला लावते. हललीस की मीपण हलेन. थांबल्यावर काय करू?"

"थांबल्यावर मला सगळं ऐकू येतं, नुसतं बोलता येत नाही. आई तेव्हा तोंड दाबून रडते. तिला वाटतं, मी झोपलेय. तू रडू नकोस हं. काहीतरी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या शाळेचं सांग."

आत खाट सरकवल्याचा आवाज झाला, कुणाचं तरी बोट चिमटलं, दोघी हसल्या. आईने तोंडाशी नेलेला हात खाली घेतला. दाराशी हुंदका फुटला असता तर तो आत ऐकू गेला असता. ती भिंतीच्या आधाराने जिन्यापर्यंत चालत गेली आणि तिथल्या पायरीवर बसली.