शेठची कडी

आमच्या जावईबापूंना जगातलं सगळं कळतं. कसं, तर मोबाईलवर बघून. पोहायलासुद्धा हा माणूस सोफ्यावर बसून शिकला असेल.

माझी धाकटी बहीण सामानाच्या ट्रकबरोबर आदल्या दिवशीच नव्या घरी गेली होती. मागे उरले तिचा नवरा आणि तिचा कुत्रा, शेठ. दोघांत अक्कल कोणाला जास्त, हे सांगून मला बहिणीचा संसार मोडायचा नाही. “दादा, तू गाडीत बस रे बाबा,” ती फोनवर म्हणाली. “यांचं काही खरं नाही. माझा शेठ सुखरूप पोचला पाहिजे.” दहा वर्षांपूर्वी तिनं त्याला गटारातून उचलून आणला होता. फार जीव त्याच्यावर.

माझा धंदा गाड्यांच्या सीट कव्हरचा. शेठसाठी मी मागच्या सीटला झोळीसारखं कव्हर शिवलं, म्हणजे ब्रेक लागला तरी तो खाली पडू नये. शिवाय छातीभोवती रुंद पट्टा आणि त्याला पाठीवर कडी. गाडीच्या बेल्टची दोरी त्या कडीत अडकवायची, बस्स. शेंबड्या पोरालाही जमेल.

निघायच्या आधी बापूंनी शेठला वाडगाभर जेवू घातलं. “अहो, ओकेल तो,” मी म्हटलं. तर हसले. “दादा, तुम्ही शिवणकाम बघा. कुत्र्याचं माझ्यावर सोडा. तीन व्हिडिओ बघितलेत मी.” तीन! झाले की डॉक्टर!

मग त्यांनी दोरी अडकवली. पाठीवरची कडी चांगली चमकत होती, ती सोडून गळ्यातल्या पट्ट्याला. मी बघितलं.

बोललो नाही. म्हटलं, राहू दे. धाकटी गाडीचं दार उघडेल, बघेल, आणि याची चांगली बिनपाण्याने करेल. मला ती मजा बघायची होती. तासाभरात शेठ माझ्या शिलाईवर भडाभडा ओकला, तेव्हा मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. बापू नाक दाबून म्हणतात, “दादा, याला गाडी लागते वाटतं!” वा रे शहाणे.

गाडी कडेला घेतली. घाण झालेलं कव्हर मीच काढून डिकीत टाकलं. शेठला पाणी पाजलं. बापूंनी दोरी पुन्हा गळ्यातच अडकवली, माझ्या नाकासमोर. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दहा मिनिटांत पुढच्या टेम्पोनं एकदम ब्रेक मारला. बापूंनीही करकचून दाबला. शेठ सीटवरून घसरला आणि गळ्याने लटकला. पाय झाडत होता, आवाज फुटत नव्हता. बेल्ट ताणून अडकलेला, निघेना. माझ्या खिशात धंद्याचा कटर असतो. मी मागे झेपावलो आणि दोरी कापली.

शेठ खोकला, मग श्वास घेतला. बापू रस्त्याच्या कडेला मातीत बसून लहान मुलासारखे रडायला लागले. “मला काही कळत नाही हो, दादा. माझ्या हातून गेला असता.” असं ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले असतील. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

पुढचा प्रवास मी मागे, शेठला मांडीवर धरून केला. दोरीचा उरलेला तुकडा आधी पाठीवरच्या कडीत गाठ मारून बांधला.

धाकटी दारातच उभी होती. तिनं विचारायच्या आत बापूंनी सगळं सांगून टाकलं. “मीच गळ्यात अडकवलं गं. दादा होते म्हणून वाचला.” ती त्यांना एक शब्द बोलली नाही. माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“यांचं काही चुकताना दिसलं ना दादा,” ती डोळे पुसत म्हणाली, “तर तिथल्या तिथे सांगत जा. ऐकतात ते तुझं.”

“हो,” मी म्हटलं. शेठ माझा दुसरा हात चाटत होता. तो मी काढून घेतला.