कोऱ्या बशा

चहाच्या एकाच मळ्यावर दोघी बहिणी नोकरीला होत्या. ताई रोपवाटिका बघायची, धाकटी प्रयोगशाळा. यंदा रोपवाटिकेतून नेऊन उतारावर लावलेली रोपं पिवळी पडू लागली, तशी ताईने रोपवाटिकेत बुरशीनाशक औषधाची फवारणी वाढवली. धाकटीने मात्र रोपवाटिकेतल्या रोपांची आणि कुंपणालगतच्या चहाच्या झुडपांची पानं आणली, बाहेरून निर्जंतुक केली, वाटली आणि तो रस काचेच्या बशांमधल्या पोषक जेलीवर पसरला.

कुंपणालगतच्या, कधीच न फवारलेल्या झुडपांच्या बशांत जिवाणूंचे पांढरेपिवळे ठिपके दाटले. रोपवाटिकेच्या बशा कोऱ्याच. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"काही उगवलं नाही म्हणजे रोपं स्वच्छ आहेत," बशा पाहून ताई म्हणाली. "चांगलंच की."

"ताई, हे जिवाणू रोगाचे नव्हेत. झाडाच्या आत राहतात, मुळं वाढवायला मदत करतात, रोगाला अडवतात. बुरशी मारायच्या औषधाने तेही गेले असावेत."

"असावेत?"

"छातीठोक नाही सांगता येत. एक वाफा न फवारता ठेव, म्हणजे कळेल."

मागे करपा या बुरशीच्या रोगाने अख्खी रोपवाटिका गेली होती आणि मालकांची बोलणी ताईने एकटीने खाल्ली होती. तरी ती हो म्हणाली.

धाकटीने कुंपणालगतच्या झुडपांतले जिवाणू वाढवून त्या वाफ्याला पाण्यातून दिले. रोपांनी बाळसं धरलं. नवी मुळं पाहून ताईसुद्धा हसली. मग धुकं उतरलं, ते हलायचं नाव घेईना, आणि पानांवर करप्याचे डाग दिसले.

सकाळी धाकटी पोचली तेव्हा ताई पाठीवर पंप घेऊन त्याच वाफ्यात उभी होती.

"थोडं थांब ना. तग धरतील ती."

"आणि शेजारच्या वाफ्यांत रोग गेला तर? मालकांपुढे येशील माझ्याबरोबर?"

"येईन."

"येशील गं. पण रोपं वाचतील का, ते सांग."

धाकटी वाकून डाग पडलेलं एक पान उलटून पाहू लागली. ताईने तोंडाला फडकं बांधलं आणि पंपाचा दांडा हलवायला सुरुवात केली.

करपा थांबला, रोपं वाचली. पुढे धाकटीने त्यांची पानं तपासली, तेव्हा ताई स्वतःहून प्रयोगशाळेत येऊन बसली.

"गेले ना सगळे?"

"बहुतेक."

"मग ही रोपंही उतारावर पिवळी पडणार?"

"पडतील कदाचित."

ताईने समोरची बशी उचलून उजेडात धरली. "पुन्हा एक वाफा ठेवू," ती म्हणाली. "पण धुकं आल्यावर मी काय करीन, ते मला आत्ता विचारू नकोस."