अमीरबीचं जेवण

"चपातीत राजमा-भातच गुंडाळलाय की रं! आन् याला साडेपाचशे?"

अमीरबीनं बुरिटोचं टोक उचकटून बघितलं. मुजीब हसला. रांजणगावच्या हमरस्त्यावरच्या या मेक्सिकन हॉटेलात तो आचारी होता. कारेगावात कामगारांची खानावळ चालवून आईनं त्याला वाढवलं. आज रविवारी दुपारी त्यानं तिला पहिल्यांदाच इथं जेवायला बसवलं होतं.

"चटणी मी केलीया, अम्मी. खाऊन तर बघ."

तिनं दोन घास खाल्ले, तोच शेजारच्या टेबलावर बशी फुटली. सत्यजीत नावाचा लेबर ठेकेदार बिल फडकावत उठला होता.

"चपातीत राजमा भरून लुटता व्हय? आचाऱ्याला बोलवा!"

अमीरबी चपापली. आत्ता हेच तर ती म्हणाली होती.

मुजीब पुढं झाला. "साहेब, दुसरं करून देतो."

सत्यजीतनं त्याची मानगूट धरून तोंड टेबलाच्या कडेवर आदळलं. रक्त उडालं. तो खाली पडताच ठेकेदाराच्या दोन साथीदारांनी लाथा घातल्या. गिऱ्हाइकं खुर्च्या सरकवून भिंतीला लागली. मालक काउंटरमागं हातात फोन घेऊन नुसता उभा राहिला.

खानावळीत आमटी पातळ म्हणून लोकांनी अमीरबीच्या अंगावर ताटं भिरकावली होती. तिनं मुकाट्यानं ती विसळली होती. आज ती उठली.

सत्यजीतनं शेजारच्या टेबलावर नुकताच वाढलेला चरचरता लोखंडी तवा उचलून मुजीबवर उगारला. तिनं मुजीबवर झुकून उजवा हात आडवा घातला. मनगट कडकन मोडलं, कातडी पोळली. डाव्या हातानं तिनं ठेकेदाराचा शर्ट मुठीत धरला.

"पैसे देऊ नगंस. पर त्येला आता शिवलास तर जित्ता सोडणार न्हाई तुला."

तिचा लोंबणारा पंजा बघून साथीदार टरकले. त्यांनीच सत्यजीतला ओढत बाहेर नेलं.

मालक धावत आला. "मावशी, दवाखान्याला गाडी बोलावलीय. मागच्या दारानं चला. लोक घाबरलेत."

"गाडी येऊ दे. तवर माझं जेवण व्हायचंय."

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. मुजीबनं बाहीनं तोंडाचं रक्त पुसलं, मालकाला न विचारताच खुर्ची ओढली आणि घास मोडून आईला भरवू लागला.

"कसं झालंय?"

"तिखट कमी हाय," ती चावत म्हणाली. "दे अजून."

मालक मागचं दार उघडं धरून उभा होता. दोघांपैकी कुणीच तिकडं बघितलं नाही.