पाळीव जंतू

आमच्या सरांचा जंतू फार गुणी होता. रक्त घातलेल्या जेलीच्या प्लेटवर टाकला की रात्रीत तरारून यायचा. कधी रुसायचा नाही, कधी दगा द्यायचा नाही. दर सोमवारी प्रयोगशाळेत सर स्वतः हातमोजे चढवून त्याची पैदास करायचे. जुन्या प्लेटवर जो ठिपका सगळ्यांत लवकर वाढलेला, टपोरा दिसेल तो तारेच्या टोकाने उचलायचा आणि नव्या प्लेटवर ओढायचा. त्यांच्या विद्यार्थिदशेपासून हे चाललं होतं. मूळ जंतू कुप्यांमध्ये गोठवून ठेवायचा आणि प्रत्येक प्रयोगासाठी तिथूनच ताजा काढायचा, हा नियम बाकी सगळ्या जगाला होता, सरांना नव्हता. "माझ्या हाताला ओळखतो तो," असं म्हणायचे. जसं काही मांजर पाळलंय.

आता ते वाक्य आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारण हा जंतू मांजर नव्हे. तो लहान मुलांच्या फुप्फुसांत शिरतो, आणि एखाद्या अभागी पोराच्या रक्तातून थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. माझ्या ताईच्या मुलीला, चिमणीला, त्याने गाठलं तेव्हा ती नुकती बोबडं बोलायला लागली होती. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. आता ती हातांनी बोलते. आणि समोर कोणी बोलत असलं की सरळ जाऊन त्याच्या गळ्यावर तळवा ठेवते; आवाज तिला तसा कळतो. मग तो भाजीवाला असो, शेजारचे काका असोत की बसचा कंडक्टर. ताई ओशाळी होऊन तिला मागे ओढते. मी म्हणते, ठेवू दे गं, कोणाचं काय जातंय.

या जंतूवर जुनी लस आहे. चांगली आहे, पण त्याच्या मोजक्याच जातींवर चालते. चिमणीला ती दिलेली होती. तिला झाला तो नेमका वेगळ्या जातीचा निघाला. आमची नवी लस सगळ्या जातींवर चालणार होती. सरांचा जंतू दिलेले उंदीर तिने वाचवले होते, मोठ्या माणसांना देऊन झाली होती, कोणाला अपाय झाला नव्हता, आणि आता तान्ह्या बाळांची चाचणी सुरू व्हायची होती. अट एकच होती, की चाचणीतल्या बाळाला जुनी लस द्यायची नाही. ताईला दुसरं बाळ झालं होतं. तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. "तू आहेस ना तिथे," म्हणाली आणि बाळाचं नाव घालून मोकळी झाली.

चिमणी दवाखान्यात होती तेव्हा तिच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातला जंतू तपासणीसाठी आमच्याकडेच आला होता. तो मी तेव्हाच गोठवून ठेवला होता. चाचणी जवळ आली तशी माझ्या मनात आलं, आपली लस टोचलेल्या उंदरांना हाच जंतू देऊन बघू. मग ताईला सांगता येईल, चिमणीचे कान ज्याने नेले त्यालाच लोळवला. सूडच म्हणा ना. सर म्हणाले, "कर बाई, तुझी हौस होऊ दे."

लस न दिलेले उंदीर मेले. ते मरणारच होते. लस दिलेले उंदीरही मेले, एकूण एक.

माझ्या हातून काही चुकलं असेल असं धरून मी प्रयोग पुन्हा केला. या वेळी दुसऱ्याच एका रुग्णाचा, नुकताच आलेला जंतू घेतला. तेच झालं. मग मी दोन काचपट्ट्या केल्या, एक चिमणीच्या जंतूची आणि एक सरांच्या लाडक्याची. काळी शाई घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. चिमणीच्या जंतूभोवती जाडजूड, लख्ख पांढरं कडं होतं. ते त्याचं आवरण. हे बुळबुळीत आवरण असतं म्हणून आपल्या पांढऱ्या पेशींच्या हाती तो लागत नाही. सरांचा जंतू साफ नागडा होता.

आणि का होणार नाही? प्लेटवर त्याला मारायला येतंय कोण? आवरण बनवायला ताकद लागते. ज्यांनी ते टाकून दिलं ते भराभर वाढले, आणि सर दर सोमवारी तेच टपोरे ठिपके उचलत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्यांनी वाघाचं कोकरू केलं. आमची लस शरीराला ज्या प्रथिनाची ओळख करून देते ते असतं आवरणाच्या खाली. नागड्या जंतूवर शरीराचा हात तिथपर्यंत पोचतो. आवरणातल्या जंतूवर कुठून पोचणार?

हे आधीच आमच्या लक्षात यायला हवं होतं, कारण उंदीर मारायला पूर्वी सरांच्या जंतूचा एक थेंब पुरायचा आणि अलीकडे सिरिंज भरून द्यावा लागायचा. त्यावर सरांचं उत्तर तयार होतं: हल्ली उंदरांची जात दणकट झालीय. एवढी शिकलेली माणसं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या!

मी काचपट्ट्या घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी दोन्ही पाहिल्या. मग खुर्चीत मागे रेलले.

"हा तुझा जंतू अगदीच रानटी आहे," ते म्हणाले.

"सर, मुलांना रानटीच होतो. तुमचा पाळीव कोणाला होत नाही."

"आवाज खाली."

"परवा बाळं येणार आहेत सर. त्यांना आपण जुनी लस घेऊ देणार नाही, आणि नवी ही अशी. म्हणजे पोरं उघड्यावर. त्यांत माझ्या बहिणीचं बाळ आहे."

ते एकदम म्हातारे दिसले. मला दया आली, खोटं कशाला सांगू. "चाचणी थांबवतो," ते म्हणाले. "पालकांना मी सांगेन. समितीलाही मीच सांगेन. सगळं आयुष्य घातलंय गं मी यात. निदान माझ्या तोंडाने मला सांगू दे."

मी मान डोलावली. ताईलाही काही बोलले नाही. त्यांचा मान राहावा म्हणून मूग गिळून बसले.

ठरल्या दिवशी संस्थेचा हॉल पालकांनी भरला होता. दुधाच्या बाटल्या, बाबागाड्या, रडारड. पहिल्या रांगेत चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीच्या डॉक्टरीणबाई. मधल्या रांगेत बाळाला खांद्यावर टाकून ताई, तिच्या शेजारी पाय हलवत चिमणी. सर बोलायला उभे राहिले. सुरुवातीला मला वाटलं, येतील मुद्द्यावर. पण ते लसीच्या इतिहासावर बोलले, सहकाऱ्यांच्या कष्टांवर बोलले, मग म्हणाले, "प्राण्यांवरचे निष्कर्ष तर फारच उत्साहवर्धक आहेत," आणि हसत हसत पालकांना सही करायच्या टेबलाकडे हात दाखवला.

लोक उठायला लागले. ताईसुद्धा.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी खुर्ची सारून उभी राहिले आणि ओरडले, "कोणी सही करू नका! खोटं बोलतायत हे! लस दिलेले उंदीर मेलेत. सगळे मेलेत!"

सहीसाठी निघालेले लोक वळून माझ्याकडे बघायला लागले.

"तिची तब्येत बरी नाही," सर माइकमध्ये म्हणाले. "कामाचा ताण आहे."

"ताण? परवा माझ्यासमोर दोन्ही काचपट्ट्या पाहिल्यात तुम्ही! आपल्या लसीपुढे मरतो तो तुमचा प्लेटवरचा जंतू आहे. ताजा जंतू दिला की एक उंदीर वाचत नाही. सांगतो म्हणाला होतात. तुमच्या तोंडाने सांगतो म्हणाला होतात!"

ताई माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "तुला माहीत होतं?" तिने विचारलं. "मी इथवर बाळ घेऊन आले, आणि तुला माहीत होतं?"

तिला काय सांगणार? सरांना लाज वाटू नये म्हणून तुझं बाळ रांगेत उभं राहू दिलं, हे?

डॉक्टरीणबाई उठल्या आणि सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला एवढंच सांगा," त्या शांतपणे म्हणाल्या. "ताज्या जंतूने लस दिलेले उंदीर मेले की नाही?"

सर मटकन खुर्चीत बसले. माइक मांडीवर आडवा पडला.

एवढ्यात माझ्या गळ्याला गरम तळवा लागला. चिमणी खुर्चीवर चढून उभी होती. माझा गळा अजून थरथरत होता. तिने हातांनी विचारलं, "मावशी, रडतेस?"

"नाही. ओरडतेय," मी हातांनी सांगितलं.

"कोणावर?"

मी सरांकडे बोट दाखवलं. ती खुर्चीवरून उतरली आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत पुढे गेली. डॉक्टरीणबाईंच्या बाजूने वाट काढून सरांच्या गुडघ्यांशी उभी राहिली, आणि सगळ्यांच्या गळ्यावर ठेवते तसा तिने त्यांच्या गळ्यावर तळवा ठेवला. ताईने या वेळी तिला मागे ओढलं नाही. सर तिच्याकडे बघत राहिले. ती मान तिरकी करून वाट बघत थांबली. डॉक्टरीणबाई थांबल्या, सगळा हॉल थांबला.

मग चिमणीने हात काढून घेतला, ताईकडे वळली आणि दोन्ही हातांनी सांगितलं, "आई, हे काहीच बोलत नाहीयेत."

ताईने बाळाला छातीशी घट्ट धरलं, चिमणीचं मनगट पकडलं आणि माझ्याकडे न बघता दाराकडे निघाली. तिच्यामागे हॉल रिकामा झाला.